सिस्टरच्या गाडीचा तिसरा गिअर

६ जानेवारी

माझ्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीची एक नोंद असते. वर तक्रार, गिऱ्हाईक सांगेल त्याच शब्दांत. खाली तपासणी, मग कारण, मग उपाय, शेवटी गिऱ्हाइकाची सही. बत्तीस वर्षं हाच रिवाज. ही वही मात्र वेगळी ठेवतो आहे, कारण गिऱ्हाईक घरचं आहे आणि ते आपल्या तक्रारीवरून फिरलं आहे.

तक्रार : "मिस्त्री, गाडीचा तिसरा गिअर लागत नाई."

तक्रार करणारी माझी बायको पौर्णिमा. आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे, म्हणून घरात मीही सिस्टरच म्हणतो आणि ती मला मिस्त्री. गाडी म्हणजे २००३ ची झेन. एका भंगारवाल्याकडून उचलून मी तिच्यासाठी उभी केली होती. गेली चौदा वर्षं ती देवळीतून अकरा किलोमीटर उपकेंद्राला, आणि तिथून चार गावांना, याच गाडीनं जाते.

मी चालवून पाहिली. तिसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"तुमच्या हातानं ट्रकचाही जाईन," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "जाऊ द्या, माह्याच हाताले सवय राह्यली नसन." चौदा वर्षं रोज जाणाऱ्या बाईला सवय राहत नाही, हे काही पटलं नाही.

९ जानेवारी

तपासणी. पेचकसाचं टोक गिअरबॉक्सवर आणि मूठ कानाला लावून ऐकलं. वर्धेच्या ट्रक अड्ड्यावर गाड्या धुवायचो तेव्हा हे शिकलो. शिकवलं कोणी नाही. बेअरिंग ठीक, दाते ठीक, क्लच पूर्ण सुटतो. कवडू माझ्यासोबत एकवीस वर्षं आहे. तोही खाली झोपून पाहून आला.

"गाडीत काई नाई, मिस्त्री."

"मग तिले लागत काऊन नाई?"

कवडूनं हात पुसले. त्याला बोलायला वेळ लागतो.

मी विचार केला. तिसरा गिअर पुढे ढकलायचा असतो, हातभर लांब. बाई बुटकी, सीट पुढे घेतलेली, कोपर आखडतं. म्हणजे दांडीचा प्रवासच कमी केला पाहिजे. शर्यतीची हौस असणारे लोक गाड्यांना आखूड फेऱ्याची दांडी बसवतात, ती. तिला 'शॉर्ट शिफ्टर' म्हणतात. सिस्टरला सांगितलं.

"शर्यत लावता का माह्यासंगं, या वयात?"

"रिटायर व्हाले सहा महिने हाय. आरामात जा."

"सहा महिने मी माह्या गाडीनं जाईन," ती म्हणाली. "कोनाच्या गाडीवर मागं बसून नाई जानार. गावातल्या बायका पाह्यतात. सिस्टर सोताच्या गाडीनं येते म्हनून तिघीजनी स्कूटी शिकल्या."

तेव्हा काम ठरलं. तीस जूनपर्यंत सिस्टर स्वतःची गाडी चालवत उपकेंद्रात गेली पाहिजे. (जन्म तिचा खरं तर बुद्धपौर्णिमेचा, म्हणून तर नाव. पण शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरींच्या नावापुढे जूनची तारीख लिहून टाकली होती. तेवढे दिवस नोकरीचे वाढले.)

१५ जानेवारी

पुण्याहून मेघाचा फोन. "बाबा, ऑटोमॅटिक घेऊन टाका न आईले." मुलगी हुशार आहे. मीही तेच म्हणालो. सिस्टर भाजी निवडत होती. "तीन-चार महिन्यांसाठी नवी गाडी कायले?" म्हणाली. जूनला सहा महिने आहेत, हिशोब तिचा कच्चा नाही. घाईत बोलली असेल.

१९ जानेवारी

नागपूरच्या गोपालभाऊंशी दोन तास बोललो. सुट्या भागांचं दुकान आहे, माणूस बडबड्या पण माल खरा. तीन पर्याय निघाले.

पहिला : आहे तीच दांडी वरून कापायची. हौशी लोक करतात. हे काम मी माझ्या गॅरेजात कोणाला करू दिलं नाही, सिस्टरच्या गाडीला तर नाहीच.

दुसरा : दिल्लीकडचा पूर्ण संच. प्रवास चाळीस टक्क्यांनी कमी होतो.

तिसरा : कोइमतूरकडचा. दांडीचा टेकू थोडा वर उचलतात, वरचा भाग आखूड पडतो, खालचा लांब. प्रवास चौथ्या हिश्श्यानं कमी.

यातली गोम अशी. हापशीचा दांडा आखूड केला तर हात कमी खाली-वर करावा लागतो, पण दाबावं जास्त लागतं. जवळ हवं तर जड होणार, हलकं हवं तर लांब जावं लागणार. दोन्ही एकदम देणारा माणूस अजून जन्मला नाही. गोपालभाऊ म्हणतात, "दोन्ही भेटते, मिस्त्री, लिहून देतो." मी म्हटलं, लिहून नका देऊ, बसवून दाखवा. हसले.

रद्दीवाल्याचा हुकाचा काटा आणला, स्प्रिंगचा. गाठोडं तोलतात तो. दांडीच्या मुठीला अडकवून ओढलं. तिसरा गिअर जायला तीन किलो लागतात. म्हणजे कोइमतूरवाला चार घेईल, दिल्लीवाला पाच.

मग खिडकीच्या गजाला काटा बांधून सिस्टरला डाव्या हातानं ओढायला सांगितलं. सात किलो. हसत होती. "माह्यं वजन करता का आता?" सातला पाच म्हणजे आरामात. तरी मी सुरक्षित बाजू धरली. कोइमतूरवाला सांगितला. गोपालभाऊ म्हणाले, येईल महिना-दीड महिन्यात.

४ फेब्रुवारी

सिस्टरनं मला कणीक मळायला शिकवलं. हे या वहीत लिहायचं नाही, पण लिहून ठेवतो, कारण साठाव्या वर्षी नवीन काम शिकलो. "पानी एकदम नका टाकू. क्लच सोडल्यासारखं, हळूहळू." तिची शिकवण्याची रीत चांगली आहे. मी तिला गाडी शिकवली तेव्हा इतका शांत नव्हतो.

१२ फेब्रुवारी

सहज परत काटा खिडकीला लावून सिस्टरला ओढायला दिला. पाच किलो आले. महिन्याभरात दोन किलो कसे जातील? रद्दीवाल्याचे काटे असेच असतात, स्प्रिंग मेलेली. फेकून दिला. दुकानातून नवीन घेतला.

२१ फेब्रुवारी

सिस्टर सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात ट्रेनिंगला गेली होती, या महिन्यात तिसऱ्यांदा. एवढ्यात रिटायर होणाऱ्या बाईला सरकार कशाला ट्रेनिंग देतं कोण जाणे. आली तेव्हा डाव्या दंडावर आणि पोटरीवर बारीक टोचल्याचे ठिपके.

"हे काय?"

"मच्छर."

"मच्छर लाईन लावून चावतात का?"

"सावंगीचे शिकलेले असतात," ती म्हणाली, आणि मी हसलो. चांगलं बोलते. पुढं मग मी विचारलं नाही.

तिचा लसीकरणाचा तक्ता आज मी भरला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला. माझं अक्षर ओळखून मेडिकल ऑफिसर काही बोलले तर बोलतील.

७ मार्च

संच आला. उघडून पाहिला आणि जीव खूश झाला. काम कोणी मन लावून केलेलं असलं की हाताला कळतं. घासलेला ॲल्युमिनियमचा टेकू, दांडी ज्यात फिरते ते पितळी बुश, एकही बोचरी कड नाही.

दिवसभर गाडीखाली होतो. सिस्टर दारात खुर्ची टाकून बसली होती. सुट्टी टाकली म्हणे, उगाच. मी काम करताना गुणगुणतो हे मला माहीतच नव्हतं. कवडू म्हणाला, "मिस्त्री आज रंगात हायत." सिस्टर नुसती पाहत होती. मी खालून तिच्या पायाशी बोलत होतो, तेवढेच दिसत होते.

८ मार्च

चाचणी. सिस्टर चालवायला बसली, मी बाहेर बॉनेटवर कान देऊन उभा. गाडी उभीच, इंजिन चालू, क्लच दाबून नुसते गिअर घालायचे. "दुसरा," मी म्हटलं. टक. "आता तिसरा." थोडं थांबली, मग टक. बंद होणाऱ्या चांगल्या कुलपासारखा आवाज. कुठे घासणं नाही, कुठे अडणं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा टक.

"कसं वाटते?"

"छान हाय, मिस्त्री. लय छान."

उपाय : शॉर्ट शिफ्टर बसवला. काम झालं. सही घ्यायची राहिली. ती म्हणाली, चहा ठेवते, नंतर करते.

२९ मार्च

आज जे झालं ते सरळ लिहितो.

दुपारी गॅरेजात बसलो होतो. दूर रस्त्यावर एक गाडी दुसऱ्या गिअरमध्येच रेटत आणत होतं कोणी. इंजिन ओरडत होतं. मी कवडूला म्हटलं, "कोन हाय हा कसाई? तिसरा घाल न बापा." आवाज जवळ येत गेला. अर्ध्या वाटेवर मला कळलं की तो आवाज मी ओळखतो. त्या इंजिनाचा चौथा टॅपेट, झडप उघडणारा भाग, मीच जरा ढिला ठेवला आहे, तो टकटकत राहतो.

गाडी आत आली. इंजिनाच्या गरमीचा काटा लालला टेकलेला, क्लच जळाल्याचा वास. जागेवरून निघतानाही गाडी दुसऱ्यातच उठवत होती. अकरा किलोमीटर. दुसरा गिअर स्वतःकडे ओढायचा असतो. तो अंग मागे टाकून निघतो. पहिला आणि तिसरा ढकलावे लागतात.

सिस्टर उतरली नाही. मी दार उघडलं.

"कधीपासून?"

"बसवला तेव्हापासून. रोज घर जवळ आलं का कसाबसा घालत होती, आज नाई जमलं."

"त्या दिवशी तर गेला होता. म्या ऐकला."

कवडू मागे उभा होता. त्याला बोलायला वेळ लागतो, तीन आठवडे लागले. "उजव्या हातानं घातला होता, मिस्त्री. स्टिअरिंग सोडून, आडवं वाकून. म्या पाह्यलं. वहिनीनं मान हलवली, म्हनून चूप राह्यलो."

मी कानानं पाहत होतो. कान फक्त लोखंडाचं सांगतात.

नवा काटा आणला, खिडकीला बांधला. ती गाडीतून उतरून आली, निमूटपणे ओढलं. अडीच किलो. मी म्हटलं, हाही काटा खराब आहे. ती म्हणाली, "कवडूभाऊ, तुमी ओढा." कवडूनं ओढला, काटा पार खाली गेला.

मग तिथं खिडकीपाशीच तिनं सांगितलं. सावंगीला ट्रेनिंग नव्हतंच, तपासण्या होत्या, ते ठिपके तिथल्या सुयांचे. आजाराचं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक, ते या वहीत लिहीत नाही. हात चांगला, डोकं चांगलं, मधली वायर मरत जाते. आधी हा हात, मग दुसरा, मग पाय, बोलणं. मग श्वासाचं.

"वायरिंग बदलता येत नाई का?" हा प्रश्न मी खरंच विचारला. लिहिताना लाज वाटते.

"नाई, मिस्त्री."

"जानेवारीपासून माहीत होतं?"

"शंका होती. म्या सिस्टर हाव न. बोटं पातळ व्हायले लागली तेव्हाच समजलं."

"मग मले दांडी काऊन बसवू देली?"

तिनं उजव्या हातानं काटा गजावरून काढला. मग म्हणाली, "तुमी गानं म्हनत होते गाडीखाली. मेघा झाली तेव्हा म्हनलं होतं, त्याच्यानंतर आता."

३१ मार्च

हिशोब मांडून पाहिला. मांडायला नको होता. जुनी दांडी तीन किलोची. आठ मार्चला तिच्या हातात साडेतीनच्या आसपास असणार. म्हणजे मी हात लावला नसता तर ती अजून दहा-बारा दिवस स्वतः तिसरा घालून गेली असती. नव्या दांडीला चार लागतात. ते दहा-बारा दिवस मी काढून घेतले. घासलेल्या ॲल्युमिनियमनं, पितळी बुश लावून.

तिला हे सांगितलं नाही. तिनं ते माझ्याआधी मांडलं असणार.

१ एप्रिल

जुनी दांडी परत लावायला घेतली. सिस्टर बाहेर आली. "राहू द्या. आता तेही नाई होत." म्हणाली, उद्यापासून कवडूभाऊच्या मोटरसायकलवर जाईन. तोंडानं म्हणाली, पण दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी मी नेसवून दिली, निऱ्या काही माझ्याच्यानं नीट पडल्या नाहीत. विहारात वंदनेच्या वेळी तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून छातीशी आणला, आणि मग दोन्ही जोडले. शेजारच्या बायका समोर पाहत होत्या. मी पाहिलं. आजकाल मी पाहतो.

मिरवणुकीच्या वेळी आम्ही गाडीतच बसलो होतो. ती चालवायच्या जागेवर, सवयीनं, मी डावीकडे. गर्दीमुळे गाडी दोन हात पुढे घ्यायची होती. तिनं क्लच दाबला. तो आवाज, केबल ताणली जाण्याची बारीक कुरकुर, मी ऐकला. माझा उजवा हात आपोआप दांडीवर गेला आणि पहिला पडला. गाडी पुढे सरकली. तिनं ब्रेक लावला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"परत करा," ती म्हणाली.

चौदा वर्षांपूर्वी तिला शिकवताना पहिले पंधरा दिवस असंच केलं होतं. स्टिअरिंग आणि पाय तिचे, गिअर माझा.

२३ एप्रिल

कॅनॉलच्या कडेच्या रिकाम्या रस्त्यावर आठवडाभर सराव केला. तिनं सांगायचं नाही, मी विचारायचं नाही, असा तिचाच कायदा. "मी सांगन आनि तुमी घालान तर मंग गाडी कोन चालवते? तुमी ऐका. तुमाले ऐकू येते न सगळं."

ॲक्सिलेटरवरचा पाय उचलते तेव्हा इंजिन एक सूर खाली येतं. तेवढ्यात क्लचची केबल बोलते. केबल बोलली की लगेच, तिचा पाय वर यायच्या आत, गिअर पडला पाहिजे. आधी उशीर व्हायचा, आता होत नाही. आणि ही आखूड दांडी, जी तिच्या हाताला जड झाली, ती डाव्या सीटवरून माझ्या हाताला इतकी बेताची बसते की कोपर तिच्या गुडघ्याला लागत नाही. जुन्या दांडीनं हे जमलं नसतं. यात समाधान मानायचं का, ते अजून ठरलेलं नाही.

उद्यापासून उपकेंद्राला. कवडूनं गॅरेज सांभाळायचं कबूल केलं. "दुपारपर्यंत मिस्त्री नाईत म्हनून सांगत जाईन," म्हणाला. "कुठं गेले इचारलं तर?" मी म्हटलं, सांग, सिस्टरकडे कामाला लागलो.

१९ मे

गावातल्या बायकांना गंमत वाटते. एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर, नवऱ्याले ड्रायव्हर ठेवलं का?" सिस्टर म्हणाली, "ड्रायव्हर मीच हाव. हे कंडक्टर." तिचा 'र' आता जरा मागे सरकतो. दोन आठवड्यांपासून ऐकतो आहे. तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. एवढं मात्र मला आता काट्याशिवाय कळतं.

३० जून

शेवटचा दिवस. उपकेंद्रात नारळ, शाल, फोटो. आशाताई रडल्या. सिस्टरनं भाषण केलं नाही. घसा बसला आहे म्हणाली. स्कूटीवाल्या तिघीजणी रस्त्यापर्यंत आमच्या पुढे गेल्या, हॉर्न वाजवत.

जाताना सगळं नीट झालं. येताना नाल्याच्या चढाला तिनं पाय उचलला, इंजिन खाली आलं, आणि केबलचा आवाज आला नाही. मी हात आधीच ढकलला होता. कर्र झालं. चौदा वर्षांत त्या गिअरबॉक्सनं असा आवाज केला नव्हता. तिनं डाव्या गुडघ्यावर उजवा हात ठेवून दाबला, क्लच खाली गेला. या वेळी तिसरा पडला.

पुढचे सहा किलोमीटर तिनं तिसऱ्यातच काढले, क्लच पुन्हा लागू नये असे. मोऱ्या, बैल, एक एसटी, सगळं तिसऱ्यातच. घराच्या फाटकातून आत येईपर्यंत. मग इंजिन आपसूक बंद पडलं.

"पोचलो," ती म्हणाली.

"तीस जून झालं," मी म्हटलं.

१७ ऑगस्ट

बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी झेन पाच मिनिटं चालू ठेवतो. सिस्टरची खुर्ची अंगणात असते. तिचं बोललेलं आता मला आणि मेघालाच समजतं. मेघा सुट्टी घेऊन आली आहे. आज इंजिन ऐकून सिस्टर काहीतरी म्हणाली. मेघाला कळलं नाही, मला कळलं. "टॅपेट." चौथा टॅपेट. तिनंही इतकी वर्षं तो ऐकला होता आणि मला कधी सांगितलं नव्हतं.

टॅपेट नीट केला. मग ही वही काढली, कारण ती उघडी राहिली होती. रिवाजाप्रमाणे तिच्यासमोर वाचून दाखवली.

तक्रार : तिसरा गिअर लागत नाही.
तपासणी : गाडीत काही नाही. (कवडू, पहिल्याच दिवशी.)
कारण : मिस्त्रीनं गाडीच तपासली.
उपाय : दोन माणसं.

सिस्टर ऐकत होती. मग डोळ्यांनी खालच्या रिकाम्या जागेकडे दाखवलं. सही. मेघानं उजव्या हातात पेन दिलं. ते दोनदा पडलं. गावोगावच्या बायकांना सही शिकवताना या बाईला मी पाहिलं आहे. अंगठा लावायला आलेल्या बाईला ती परत पाठवायची, नाव गिरवून ये म्हणायची. ती आता म्हणाली, "अंगठा घ्या."

मेघा शाईचं पॅड शोधायला आत गेली. घरात कुठे असणार ते? सिस्टरनं माझ्या हातांकडे पाहिलं. टॅपेटचं काम करून तसाच आलो होतो, दोन्ही पंजे काळे.

"हाय न," ती म्हणाली.

मी तिचा अंगठा माझ्या तळव्यावर फिरवला. मग इथे, या ओळीखाली, टेकवला. जरा वेळ तसाच धरून ठेवला.